प्रोसेसरचे वेगवर्धन व ऑपरेटिंग सिस्टिमची अद्यतने

संगणकातील प्रोसेसर निर्मात्याने ठरवून दिलेल्या कंप्रतेपेक्षा म्हणजे दर सेकंदास मिळणाऱ्या कालस्पंदांच्या संख्येपेक्षा अधिक कंप्रतेवर चालविणे यास वेगवर्धन म्हणतात. व्यवहारात ओव्हरक्लॉकिंग हे नाव रूढ आहे. संगणकाची यंत्रसामग्री व त्यावर चालणारे कार्यक्रम यांचा मेळ घालणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम होय. तिच्यात निर्मात्याकडून वेळोवेळी केल्या जाणाऱ्या दुरुस्त्या व भर यांना अद्यतने म्हणतात. वेगवर्धन हे संगणकाच्या मालकाच्या इच्छेने होते, तर अद्यतन निर्मात्याच्या इच्छेने. त्यामुळे या दोन गोष्टी वरवर पाहता परस्परांशी असंबद्ध वाटतात. तथापि १९८४ नंतरच्या काळात या दोहोंचा वारंवार संघर्ष झालेला दिसतो. अद्यतनामुळे वाढविलेला वेग नाहीसा झाला किंवा संगणक सुरूच होईनासा झाला, असे प्रसंग अनेकदा घडले. विकत घेतलेल्या प्रोसेसरचा वेग कोणी ठरवावयाचा, हा या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

तत्त्व : प्रोसेसरची कंप्रता ही मूळ कंप्रता व गुणक यांच्या गुणाकाराइतकी असते. १०० मेगाहर्ट्‌झ मूळ कंप्रता व ३२ हा गुणक असल्यास प्रोसेसर ३,२०० मेगाहर्ट्‌झ म्हणजे ३·२ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेवर चालतो. यांपैकी एक अथवा दोन्ही संख्या वाढवून वेगवर्धन साधता येते. एकाच प्रकारच्या चिपा एकाच प्रक्रियेने तयार होत असल्या, तरी त्यांची क्षमता सारखी नसते. निर्माता सुरक्षिततेसाठी वेगाची मर्यादा बरीच खाली ठरवितो, आणि पुष्कळदा चांगल्या प्रतीच्या चिपाही बाजारातील मागणीनुसार कमी वेगाच्या म्हणून विकतो. ही शिल्लक राहिलेली क्षमता वापरणे हा वेगवर्धनाचा हेतू होय.

कंप्रता वाढविली की मंडलांतील संकेत वेळेत पोहोचावेत म्हणून बहुधा विद्युत् दाबही वाढवावा लागतो. चिपेतील मंडलांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती ही कंप्रतेच्या सम प्रमाणात, परंतु विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदा., कंप्रता ३·२ वरून ४·२ गिगाहर्ट्‌झ आणि दाब १·०५ वरून १·२५ व्होल्ट केला, असे धरल्यास वेगात सु. ३१ टक्के वाढ होते. पण ही शक्ती सु. ८६ टक्क्यांनी वाढते आणि तितकी अधिक उष्णता चिपेतून बाहेर काढावी लागते. ही उष्णता खोलीतील हवेतच सोडावयाची असल्याने स्थानिक हवामानास महत्त्व येते. प्रोसेसरचे तापमान हवेपेक्षा ५०° से. ने अधिक राहत असेल, तर २०° से. तापमानाच्या खोलीत ते ७०° से. होईल. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या पूर्व विदर्भातील तालुक्याच्या गावी मे महिन्यात पारा ४५° से. च्या आसपास जातो. तेथे हीच मांडणी ९५° से. पर्यंत पोहोचेल व प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करील. थंड देशांतील वेगवर्धनाचे आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याचे कारण हेच होय.

पूर्वेतिहास : आरंभीच्या संगणकांत निर्माता, मालक व चालक हे बहुधा एकच असत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधण्यात आलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये त्याचे नामकरण झाले. त्याची मंडले व त्याचे कार्यक्रम एकाच संस्थेतील मंडळींच्या हातात होते. यंत्रात बदल करणाऱ्यास बाहेरच्या कोणाची संमती नको होती. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील ट्रान्सप्यूटर चिपा ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीच्या होत्या, परंतु त्यांची जुळणी व त्यांवरील कार्यप्रणाली संस्थेनेच विकसित केली होती.

वैयक्तिक संगणकाच्या प्रसारानंतर ही एकसूत्रता राहिली नाही. चिप एका कंपनीची, मदरबोर्ड दुसरीचा, ऑपरेटिंग सिस्टिम तिसरीची व मालक चौथाच, अशी विभागणी झाली. वेगवर्धनासंबंधीचे बहुतेक तंटे या विभागणीतून उद्‌भवले आहेत.

या तंट्यांचे एक आरंभीचे उदाहरण आयबीएम कंपनीच्या १९८४ मधील पीसी एटी या संगणकाचे आहे. त्यातील इंटेल ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर चाले. ही कंप्रता १२ मेगाहर्ट्‌झच्या क्वॉर्ट्‌झ स्फटिकापासून मिळविलेली होती आणि तो स्फटिक खोबणीत बसविलेला असल्याने सहज काढता येई. अनेकांनी त्याच्या जागी १६ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक बसवून अल्प खर्चात ८ मेगाहर्ट्‌झ वेग मिळविला. आयबीएमने पुढील आवृत्तीच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताच प्रथम चालणाऱ्या आज्ञावलीत, वेगाची तपासणी घातली. वेग ठरल्यापेक्षा अधिक आढळल्यास ही तपासणी संगणक सुरू होऊ देत नसे. यंत्रसामग्रीने दिलेली मुभा आज्ञावलीने काढून घेण्याची पद्धत अशा रीतीने प्रथमपासूनच दिसते.

वेगाचा आज्ञावलीस होणारा उपद्रव : सर्व संघर्ष हेतुपुरस्सर होते असे नाही. जुन्या आज्ञावलींत विलंब मोजण्यासाठी रिकामी आवर्तने फिरविण्याची पद्धत होती. प्रोसेसर जलद झाला की हे गणित चुके. १९८१ च्या आयबीएम पीसीवरील ४·७७ मेगाहर्ट्‌झ वेग गृहीत धरून लिहिलेले खेळ नव्या संगणकांवर अनावर वेगाने धावत. म्हणून वेग मुद्दाम कमी करण्यासाठी संगणकाच्या पेटीवर टर्बो नावाचे बटण देण्याची प्रथा पडली. विंडोज ९५ मध्येही असाच दोष होता. एएमडी कंपनीचा के६-२ प्रोसेसर ३५० मेगाहर्ट्‌झ वा अधिक कंप्रतेवर असल्यास विलंब मोजणाऱ्या भागात शून्याने भागण्याचा प्रसंग येई व संगणक आरंभीच थांबे. येथे दोष वेगाचा नसून ऑपरेटिंग सिस्टिमचा होता आणि मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती देऊन तो दूर केला. वेगवर्धन व अद्यतन यांचा संबंध येथे उपकारक ठरला.

वेगवर्धनाचा सर्वांत सुकर काळ हाच होता. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरची मूळ कंप्रता ६६ मेगाहर्ट्‌झ व गुणक ४·५ होता. मूळ कंप्रता १०० केली की तो पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्‌झवर स्थिर चाले व कितीतरी महाग प्रोसेसरची बरोबरी करी. याच सुमारास कमी वेगाच्या चिपांवर अधिक वेगाचा शिक्का मारून त्या विकणारे लबाड व्यापारीही निपजले. गुणक कायमचा बंदिस्त करण्याचे जे धोरण इंटेलने स्वीकारले, त्यामागे ही फसवणूक थांबविणे हे एक कारण होते. महाग चिपांची विक्री राखणे हा त्याचा दुसरा परिणाम झाला.

सूक्ष्मादेशांचा मार्ग : पुढील घडामोडींचे मूळ एका चुकीत आहे. पुणे येथे जन्मलेले अभियंते विनोद धाम यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेला इंटेलचा पेंटियम प्रोसेसर १९९३ मध्ये बाजारात आला. त्याच्या भागाकार करणाऱ्या मंडलातील कोष्टकात काही नोंदी राहून गेल्या होत्या. त्यामुळे विशिष्ट भागाकार चुकतात हे अमेरिकन गणितज्ञ टॉमस नाइसली यांनी १९९४ मध्ये निदर्शनास आणले. इंटेलला चिपा बदलून देण्याची घोषणा करावी लागली व त्यासाठी ४७·५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. चिप विकल्यानंतर तिच्यात दुरुस्ती करता येत नाही, ही अडचण या प्रकरणाने ठळक केली.

यावर उपाय म्हणून १९९५ मधील पेंटियम प्रो पासून इंटेलने प्रोसेसरच्या सूक्ष्मादेशांत म्हणजे मायक्रोकोडमध्ये मागाहून बदल करण्याची सोय ठेवली. प्रोसेसरच्या अंतर्गत कार्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म आज्ञांच्या संचास सूक्ष्मादेश म्हणतात. नवे सूक्ष्मादेश चिपेत कायमचे कोरले जात नाहीत. वीज बंद होताच ते पुसले जातात व प्रत्येक वेळी पुन्हा भरावे लागतात. हे काम प्रथम बायोस करते. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिमजवळ अधिक नवी आवृत्ती असल्यास ती आपली प्रत भरते. बायोस बदलणे बहुधा मालकाच्या हाती असते, पण ऑपरेटिंग सिस्टिमची अद्यतने पुष्कळदा आपोआप येतात. त्यामुळे मालकाने जुने बायोस जपून ठेवले, तरी सूक्ष्मादेश दुसऱ्या दाराने आत येऊ शकतात. दोष सुधारण्यासाठी तयार झालेला हाच मार्ग पुढे मुभा काढून घेण्यासही उपयोगी पडला.

पेंटियम जी३२५८ चे प्रकरण : २०१० पासून इंटेलने खुला गुणक असलेले व नावात के हे अक्षर असलेले प्रोसेसर वेगळे विकण्यास सुरुवात केली. वेगवर्धनासाठी असा प्रोसेसर व महाग प्रकारचा मदरबोर्ड या दोहोंची अट घालण्यात आली. २०१३ मध्ये काही मदरबोर्ड निर्मात्यांनी बायोसमध्ये बदल करून स्वस्त बोर्डांवरही ही सोय दिली. इंटेलने नव्या सूक्ष्मादेशांच्या द्वारे ती बंद करण्याचा प्रयत्न केला.

जून २०१४ मध्ये पेंटियम या नावाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने इंटेलने जी३२५८ हा दोन गाभ्यांचा, ३·२ गिगाहर्ट्‌झचा व खुल्या गुणकाचा प्रोसेसर ७२ डॉलर या किंमतीस काढला. स्वस्त बोर्डावर तो ४ गिगाहर्ट्‌झच्या पुढे सहज जात असल्याने बेताची ऐपत असलेल्या विद्यार्थ्यांत व हौशी लोकांत लोकप्रिय झाला. जून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या त्या वेळच्या आवृत्त्यांसाठी इंटेलच्या सूक्ष्मादेशांचे एक अद्यतन दिले, त्याचा क्रमांक केबी ३०६४२०९ असा होता. हेच नवे सूक्ष्मादेश २९ जुलै २०१५ रोजी प्रसृत झालेल्या विंडोज १० मध्येही होते. परिणामी स्वस्त बोर्डावर वेगवर्धित केलेले जी३२५८ चे संगणक आरंभीच अडकू लागले. विंडोज १० ची स्थापनाही पुरी होईना. बायोसमध्ये एक गाभा बंद केल्यास स्थापना होई, असे लोकांच्या लक्षात आले. सूक्ष्मादेश भरणारी फाइल विंडोजमधून काढून टाकली, की दोन्ही गाभ्यांनिशी वाढविलेला वेगही परत मिळे. पुढे काही बोर्डांसाठी बायोसच्या सुधारित आवृत्त्या आल्या.

या प्रकरणात मालकाने काहीही बदललेले नव्हते. प्रोसेसर वेगवर्धनासाठी म्हणूनच विकला गेला होता, बोर्डाच्या निर्मात्याने ती सोय उघडपणे दिली होती आणि यंत्र वर्षभर चालले होते. तिसऱ्या कंपनीकडून न मागता आलेल्या अद्यतनाने ते बंद पडले व त्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरविणे कठीण झाले. काढलेली फाइल पुढील अद्यतनाबरोबर परत येण्याचा संभव असल्याने हा उपायही कायमचा नव्हता. असाच प्रकार स्कायलेक पिढीच्या प्रोसेसरांबाबत घडला. डिसेंबर २०१५ मध्ये बोर्ड निर्मात्यांनी मूळ कंप्रता वाढवून बंदिस्त प्रोसेसरही वेगाने चालविण्याची सोय दिली. फेब्रुवारी २०१६ पर्यंत नव्या सूक्ष्मादेशांसह ती मागे घेण्यात आली.

कालमापनातील घोटाळा : ऑपरेटिंग सिस्टिमने वेगवर्धनास वेगळ्या प्रकारे बाध आणल्याचे उदाहरण विंडोज ८ चे आहे. वेगवर्धनाच्या स्पर्धांची नोंद ठेवणाऱ्या एचडब्ल्यूबॉट या संस्थेस ऑगस्ट २०१३ मध्ये एक विसंगती आढळली. विंडोज ८ चालू असताना मूळ कंप्रता बदलल्यास संगणकाचे घड्याळच मागे वा पुढे पडते. मूळ कंप्रता कमी केली असता घड्याळ सावकाश चाले. त्यामुळे चाचणीस प्रत्यक्षापेक्षा कमी वेळ लागल्याचे दिसे व खोटा उच्चांक नोंदला जाई. संस्थेने त्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील निकाल अग्राह्य ठरविले. मोजमापाचे साधन व मोजावयाची वस्तू एकाच स्पंदावर अवलंबून असली, की मोजमाप निरर्थक ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सुरक्षेचा प्रश्न : २०१८ नंतर या वादाचे स्वरूप बदलले. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर या नावांचे दोष जाहीर झाले. प्रोसेसरच्या रचनेतील या उणिवांमुळे एका कार्यक्रमास दुसऱ्याची गुप्त माहिती काढून घेणे शक्य होते. सूक्ष्मादेशांचे अद्यतन आता सर्वांनाच आवश्यक झाले. परंतु घाईने दिलेल्या पहिल्या आवृत्तीमुळे अनेक संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले. त्याच महिन्यात इंटेलने तिचे वाटप थांबविण्याचा सल्ला दिला आणि मायक्रोसॉफ्टला तिचा काही भाग निष्प्रभ करणारे वेगळे अद्यतन काढावे लागले.

डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राट्‌स व लूव्हेन येथील विद्यापीठांतील संशोधकांनी प्लंडरव्होल्ट हा हल्ला प्रसिद्ध केला. प्रोसेसरचा विद्युत् दाब आज्ञावलीद्वारे नेमक्या क्षणी कमी केल्यास गणनेत चूक घडते आणि त्या चुकीवरून प्रोसेसरच्या संरक्षित भागातील गुप्त किल्ल्या शोधता येतात, असे त्यांनी दाखविले. दाब बदलण्याची जी सोय हौशी लोक वापरीत, तीच या हल्ल्याचे साधन होती. इंटेलने ती बंद करण्याची व्यवस्था सूक्ष्मादेश व बायोस यांतून दिली. याचा फटका वेग वाढविणाऱ्यांपेक्षा दाब कमी करून लॅपटॉप थंड ठेवणाऱ्यांना अधिक बसला. उष्ण प्रदेशात ही युक्ती विशेष उपयोगाची होती.

ऑपरेटिंग सिस्टिमनेही आपली दारे बंद करण्यास सुरुवात केली. लिनक्सच्या २०१९ मधील ५·४ या आवृत्तीत कुलूपबंद स्थितीची सोय आली. ती लागू असता सामान्य कार्यक्रमांना प्रोसेसरच्या नियंत्रक रजिस्टरांत लिहिता येत नाही. २०२० मधील ५·९ या आवृत्तीपासून असे लेखन झाल्यास इशारा नोंदविला जातो. विंडोज ११ (२०२१) मध्ये आभासी यंत्रावर आधारित संरक्षण चालू असल्यास वेग व दाब बदलणारे अनेक कार्यक्रम निरुपयोगी होतात. लिनक्समध्ये संगणक सुरू करतानाच्या आज्ञेत एक शब्द घालून सूक्ष्मादेश भरणे थांबविण्याची सोय मात्र राखलेली आहे. धोका पत्करण्याचा निर्णय तेथे मालकावर सोडलेला आहे.

निर्मात्याने ठरविलेला वेगही नेहमी सुरक्षितच असतो असे नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर वेगवर्धन न करताही अस्थिर होऊ लागले. सूक्ष्मादेशांतील दोषामुळे त्यांना प्रमाणाबाहेर विद्युत् दाब मिळत होता, हे कंपनीने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये सुधारित सूक्ष्मादेश देण्यात आले व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. झालेली झीज मात्र अद्यतनाने भरून येत नाही. येथे अद्यतन नाकारणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो.

व्यावहारिक स्थिती : महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणकाचा परिचय तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. बेताच्या किंमतीचा प्रोसेसर अधिक काम देत असेल, तर त्याचे महत्त्व अशा ठिकाणी मोठ्या शहरांपेक्षा अधिक असते. बंद पडलेला संगणक दुरुस्त करून घेण्याची सोय मात्र तेथे कमी असते. अद्यतनापूर्वी वाढविलेला वेग मूळ पदावर आणणे, महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी ठेवणे व अद्यतनानंतर स्थिरता तपासूनच वेग पुन्हा वाढविणे, हा क्रम सुरक्षित मानला जातो. बायोस बदलताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होण्याचा संभव असल्याने ते काम यूपीएसवरच करणे योग्य. सूक्ष्मादेशांचे अद्यतन कायमचे रोखून धरल्यास वेग टिकतो, पण ज्ञात दोष उघडे राहतात. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात त्यावर असे करणे अनुचित होय.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जी३२५८ सारखे जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत. अशा यंत्रांच्या मालकापुढे लिनक्सचा अवलंब करणे, यंत्र आंतरजालापासून दूर ठेवणे किंवा ते बदलणे एवढेच मार्ग उरतात. टिफ्रॅकच्या काळी यंत्राचा वेग, त्याची आज्ञावली व त्याची जबाबदारी एकाच ठिकाणी होती. आज जबाबदारी मालकाकडे राहिली असून वेग व आज्ञावली यांवरील अधिकार बऱ्याच अंशी इतरांकडे गेला आहे. सुरक्षेसाठी त्यातील काही अधिकार सोडणे अपरिहार्य आहे. परंतु एखादे अद्यतन दोष दूर करते की केवळ मुभा काढून घेते, हे ते स्वीकारण्यापूर्वी मालकास स्पष्टपणे कळावयास हवे. हे सांगण्याची निश्चित पद्धत अद्याप सर्वत्र रूढ झालेली नाही.